झाकलेल्या बाटल्या : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, पुणे

प्रकल्पाचं नाव सध्या ‘झाकलेल्या बाटल्या’. गट पुण्यातला, सगळे नोकरी-धंदा सांभाळून वाइनचा नाद करणारे. वाइनच्या बाबतीत ज्या सवयी आम्ही वर्षानुवर्षं पाळतो, त्यांतल्या कुठल्या जिभेला पटतात आणि कुठल्या फक्त डोक्यात आहेत, ते लेबल झाकून तपासायचं. मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नोंदी मी ठेवणार.

आज नुसती यादी केली. किंमत ऐकली की चव बदलते. चांगली बाटली प्रसंगासाठी राखून ठेवायची, आणि प्रसंग आला की तो तिच्या तोडीचा वाटत नाही. रेड ‘रूम टेंपरेचरला’ प्यायची, मग ती खोली एप्रिलमधल्या पुण्यातली का असेना. बूच काढून बाटली तासभर तशीच ठेवायची, म्हणजे म्हणे वाइन श्वास घेते. मटण म्हटलं की रेड. ग्लास फिरवून कडेवरचे ओघळ न्याहाळायचे आणि मान डोलवायची. आणि शेवटची सवय : नाशिकची वाइन पाहुण्यांना अभिमानाने पाजायची, पण स्वतःच्या वाढदिवसाला बाहेरच्या देशातली उघडायची.

ही शेवटची मला सगळ्यात जास्त टोचते. प्रकल्पाचा आग्रह मी धरला तो तिच्यासाठीच.

१२ जानेवारी

पद्धत ठरली. ओतणारा वेगळा, चाखणारे वेगळे. ओतणारा स्वयंपाकघरात, मधलं दार बंद. बाटली कागदात गुंडाळून भागत नाही, कारण आकारावरूनच कळतं : फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या बाटलीचे खांदे उभे, बर्गंडी भागातल्या बाटलीचे उतरते. शिवाय स्क्रू कॅपचा आवाज आला की बसलेले लगेच अंदाज बांधायला लागतात. म्हणून प्रत्येक वाइन आधी सारख्या काचेच्या जगमध्ये ओतून घ्यायची आणि त्या भांड्यावर फक्त आकडा.

ग्लास सगळ्यांना एकाच मापाचे, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली ठरवलेले : २१५ मिलिलिटरचे, तोंडाशी निमुळते. एका वेळी ५० मिलिलिटर. थुंकायला प्रत्येकाजवळ स्टीलचा डबा. गाडी कुणीही आणायची नाही.

मुख्य चाचणी तीन ग्लासांची : दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कुठली ते सांगायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनांतून एकदा उत्तर बरोबर येणारच, हे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. एका बरोबर उत्तरावरून कुणाची जीभ थोर ठरत नाही.

२६ आणि ३० जानेवारीला ड्राय डे. त्याच्या आत पहिली बैठक उरकायची.

१५ जानेवारी

बैठकीआधी थोडं वाचून घेतलं. दोन अभ्यास इथे टिपून ठेवते, कारण आमच्या पद्धतीचा पाया त्यांच्यावर आहे.

पहिला २००१ सालचा, बोर्दोतला. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिए या तिघांनी पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून ती ५४ जणांना दिली. हे सगळे वाइनचं शिक्षण घेणारे विद्यार्थी. पांढऱ्या ग्लासाला त्यांनी पांढऱ्या वाइनचे शब्द वापरले आणि त्याच वाइनच्या रंगवलेल्या ग्लासाला रेडचे. नाकाआधी डोळ्याने निकाल दिला होता.

दुसरा २००८ सालचा, कॅलिफोर्नियातला. रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक, स्वतःची छोटी वायनरी असलेले. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना त्यांनी एकाच बाटलीतली वाइन इतर वाइनमध्ये मिसळून तीनदा दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपास निघाले.

गटातले एक डॉक्टरकाका हे वाचून म्हणाले, “मग आपण काय करायचं गं? नाद सोडायचा?” मला तसं वाटत नाही. त्या परीक्षकांना काही चव लागतच नव्हती, असं हा अभ्यास सांगत नाही. एका दिवसात एवढ्या वाइन चाखल्या की जीभ दमते, आणि आधीच्या ग्लासाची सावली पुढच्यावर पडते, एवढं त्यातून मी घेतलं. आमच्या बैठकीत त्यामुळे मोजक्याच वाइन, आणि मध्ये पाणी नि साधी पोळी.

१९ जानेवारी

पहिली बैठक : किंमत.

बनवाबनवी होणार याची कल्पना सगळ्यांना होती. काही किमती खोट्या सांगितल्या जातील, कुठल्या ते सांगणार नाही, असं आधीच ठरलं होतं. तरीही परिणाम झालाच. काबर्ने सोविन्यॉ द्राक्षाची एकच रेड दोन आकड्यांखाली दोनदा ओतली. एकदा सातशे रुपयांची म्हणून, एकदा साडेतीन हजारांची म्हणून. सातशेवाल्या रकान्यात बहुतेकांनी दोन-तीन शब्द लिहिले : ‘ठीक’, ‘जरा तुरट’. साडेतीन हजारांच्या रकान्यात वाक्यंच्या वाक्यं. तोच तुरटपणा तिथे ‘भक्कम बांधणी’ झाला.

गुणांपेक्षा मला लिखाणाची लांबी जास्त महत्त्वाची वाटते. महाग म्हटलेल्या ग्लासाला माणसं जास्त वेळ देत होती. परत नाकाशी नेत होती, घोट तोंडात जास्त वेळ फिरवत होती. लक्ष जास्त दिलं म्हणून सापडलंही जास्त. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने २००८ साली हेच मेंदूच्या स्कॅनरमध्ये पाहिलं होतं : पाच डॉलरची वाइन पंचेचाळीसची म्हणून दिली, नव्वदची दहाची म्हणून, आणि किंमत जास्त सांगितली की सुखाशी जोडलेला मेंदूचा भाग खरोखर जास्त जागा झाला. म्हणजे ती माणसं आव आणत नव्हती. त्यांना ती वाइन खरंच जास्त आवडत होती.

पुढच्या बैठकीसाठी नियम : प्रत्येक ग्लासाला सारखा वेळ, घड्याळ लावून.

२१ जानेवारी

किमतीबद्दल आणखी. बोर्दोच्या शातोंची, म्हणजे स्वतःचे द्राक्षमळे असलेल्या वायनरींची, जी प्रसिद्ध प्रतवारी आजही लेबलांवर मिरवते, ती १८५५ सालची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी ती केली आणि निकष धरला बाजारात मिळणाऱ्या भावाचा. त्यानंतर एवढ्या वर्षांत तिच्यात मोठा बदल एकच : १९७३ साली शातो मूतों रॉथशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती. भावावरून प्रत ठरली आणि मग प्रतीवरून भाव ठरत राहिला.

पुण्यात तर गणित अजून बिघडतं. व्यापार करारात न बसणाऱ्या देशांच्या वाइनवर आयात शुल्कच १५० टक्के, वर राज्याचे कर. युरोपातली रोजच्या जेवणाबरोबरची बाटली इथे येईपर्यंत वाढदिवसाची होते. जास्त पैसे मोजले म्हणून ती मोठी वाटते, आणि त्या पैशांतला मोठा वाटा करांचा असतो. उलट महाराष्ट्रातल्या वाइनला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणापासून करात सवलत मिळत आली, म्हणून ती स्वस्त. आणि स्वस्त म्हणून आमच्या मनात खालची.

ओघळांचंही इथेच मिटवते. ग्लासच्या कडेवरून उतरणारे थेंब अल्कोहोल आणि पाण्याच्या पृष्ठताणातल्या फरकाने तयार होतात. जेम्स थॉमसन यांनी याचं स्पष्टीकरण दिलं तेही योगायोगाने १८५५ सालीच. ओघळांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा येत नाही. यादीतली ही सवय रद्द.

१ फेब्रुवारी

वासाच्या बरण्या तयार केल्या. या कामाने मला सगळ्यात जास्त आनंद दिला.

वाइनबद्दल बोलताना आम्ही कधी न चाखलेल्या फळांची नावं घेतो, याची लाज गटातल्या नव्या मुलीने बोलून दाखवली होती. “ताई, मी गूसबेरी जन्मात पाहिलेली नाही, तरी प्रत्येक वेळी लिहिते.” म्हणून मंडईत जाऊन आलो आणि जे आपल्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहे ते बरण्यांत भरलं. पिकलेला पेरू. हिरवी ढोबळी मिरची चिरून. काळी मिरी भरडून. मेथीदाणे कोरडे भाजून. लोणी. ओला खडू. जांभळं-करवंदांचा हंगाम नाही, म्हणून मावशीकडून मागच्या उन्हाळ्यातलं जांभळाचं सरबत आणलं.

वाइनमध्ये पेरू ‘लागतो’ असं म्हणणं काव्य नाही. पेरूमध्ये आणि सोविन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये गंधक असलेली तीच थायोल कुळातली संयुगं असतात. ढोबळी मिरचीचा हिरवा वास ज्या पायराझिनचा, तोच कोवळ्या काबर्नेमध्ये आणि सोविन्यॉ ब्लाँमध्ये येतो. काळी मिरी आणि शिराझ ही रेड यांना जोडणाऱ्या संयुगाचं नाव रोटंडोन. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ साली जाहीर केलं. मेथीतलं सोटोलोन शेरीसारख्या जुनवलेल्या वाइनमध्ये सापडतं. लोण्याचा वास डायअसिटिलचा, आंबवण्याच्या दुसऱ्या टप्प्यात तयार होणारा.

बरण्या हुंगून मग झाकलेले ग्लास दिले. सोविन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन पांढऱ्या वाइन वेगळ्या करणं बहुतेकांना जमलं. मागच्या वेळी किमतीवर वाहून गेलेली हीच माणसं. नाक खोटं बोलत नव्हतं, त्याला ओळखीची खूण हवी होती. वाइनच्या वर्णनांना भंपक म्हणणाऱ्यांनी एकदा पेरूची बरणी हातात घेऊन सोविन्यॉ ब्लाँ प्यावी, असं मी मनापासून म्हणेन.

९ फेब्रुवारी, दिंडोरी

पहाटे नाशिकहून निघून दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात पोचलो. शिराझची तोडणी चालू. ऊन चढायच्या आत घड उतरवायचे, कारण तापलेली द्राक्षं क्रेटमध्येच आंबायला लागतात. वायनरीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभा, थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघत होता.

मालक साठीचे, गळ्यात तुळशीची माळ. आमची चौकशी झाल्यावर स्वतःच म्हणाले, “आम्ही माळकरी, ताई. घरात थेंब येत नाही. पण माल उतरलाय का नाही, ते मशिनीआधी सांगतो.” एक मणी तोंडात टाकून त्यांनी गर बाजूला केला आणि बी दाताखाली फोडली. बी हिरवी आणि चिवट असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरली की तोडायची. साखर आधी तयार होते, साल आणि बी मागाहून. नुसत्या आकड्यावर तोडलेल्या द्राक्षाची वाइन गोडाला पुरते पण तोंडाला कोरड पाडते, हे त्यांनी वाइनचा एक घोटही न घेता मला समजावलं.

खाण्याच्या द्राक्षाचा प्लॉट शेजारीच. तिथे मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक) देतात, घड भरघोस हवा. वाइनच्या द्राक्षाला सगळं उलटं : मणी बारीक, साल जाड, एकरी माल कमी. “सुरुवातीला बघवत नव्हतं,” ते म्हणाले. “झाड भरलेलं नाही म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं.”

छाटण्यांचं गणितही नीट लिहून घेतलं. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. युरोपात वेल थंडीत झोपते, छाटणी एकदा, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे लेबलवर २०२५ लिहिलेली नाशिकची वाइन युरोपातल्या २०२५ पेक्षा अर्ध्या वर्षाने मोठी. बाटल्या साठवणाऱ्यांनी वय मोजताना हे धरलंच पाहिजे, आणि आमच्यातलं कुणी धरत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

दिंडोरीहून परतल्यावर नाशिकची शिराझ घरी उघडली. ती मला नेहमीपेक्षा कितीतरी चांगली लागली. ती दाताखाली फुटणारी बी डोळ्यांसमोर होती.

यावर विचार केलाय तो असा. किंमत ऐकून चव वाढते ती ज्या वाटेने, मळा पाहून वाढते तीही त्याच वाटेने. स्कॅनरला दोन्ही सारखंच दिसेल. चव कोरी कधीच पोचत नाही, काहीतरी ऐकूनच पोचते. पण काय ऐकायचं हे माझ्या हातात आहे. दुकानातल्या चिठ्ठीवरचा आकडा बरोबर घेऊन प्यायची, की ती वेल कुणी कशी वाढवली ते जाणून प्यायची, यात मला दुसरं हवंय. झाकून चाखायचं ते पहिल्याचा जोर उतरवायला. नंतर लेबल बघायचंच.

१६ फेब्रुवारी

मुख्य बैठक : नाशिक आणि बाहेरचे, समोरासमोर.

ज्या परीक्षेवरून ही कल्पना सगळीकडे पसरली ती २४ मे १९७६ ची, पॅरिसमधली. स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. पांढऱ्यात शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने पहिली आली, रेडमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची काबर्ने. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. ‘या वाइन टिकणार नाहीत’ असं तेव्हा म्हटलं गेलं; तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच रेड वाइन पुन्हा झाकून चाखल्या, तेव्हाही पहिली कॅलिफोर्नियाचीच, रिज माँटे बेलो १९७१.

आमची बैठक त्या मानाने चिमुकली. शेनिन ब्लाँ : नाशिक, फ्रान्समधलं लुआर खोरं, दक्षिण आफ्रिका. शिराझ : नाशिक, ऑस्ट्रेलिया, फ्रान्समधलं ऱ्होन खोरं. गुणांचे कागद बैठक संपताच गोळा केले, म्हणजे लेबल दिसल्यावर कुणाला गुण बदलता येणार नाहीत.

शेनिनमध्ये नाशिकची वर राहिली. निकाल निसटता नव्हता. आंबट-गोडाचा तोल आणि ताजेपणा यांवर बहुतेकांनी तिलाच पसंती दिली, आणि लुआरची समजून तिच्यावर भरभरून लिहिलं. शिराझमध्ये मात्र ऱ्होनची वर गेली, ऑस्ट्रेलियाची तिच्यामागे, नाशिकची तिसरी. ‘शेवटाला गरम’, ‘लाकूड जास्त’ असे शेरे. मला स्वतःलाही तीच तिसरी वाटली. हेही लिहून ठेवायलाच हवं, कारण कौतुक सरसकट केलं की त्याची किंमत राहत नाही. नाशिकच्या पांढऱ्या वाइनला कुणाच्याही दयेची गरज नाही. रेडला अजून वाट चालायची आहे. २००० साली पहिल्यांदा सोविन्यॉ ब्लाँ आणि शेनिन गंभीरपणे बाटलीत भरणाऱ्या भागाने पंचवीस वर्षांत इथवर येणं ही मोठी गोष्ट आहे.

लेबलं उघडल्यावर डॉक्टरकाका बराच वेळ स्वतःचा कागद बघत बसले. मग म्हणाले, “मार्चमध्ये माझी साठी आहे. शेनिन आणा.”

१९ फेब्रुवारी

तापमान. लवकर आटपलं, कारण निकाल स्वच्छ होता. एकच रेड तीन तापमानांना : फ्रिजमधून थेट, १७ अंशांना, आणि खोलीच्या ३० अंशांना. ३० ला अल्कोहोल नाकात शिरतं आणि बाकी सगळं दबतं. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे थंड देशातल्या दगडी घराची खोली, १६ ते १८ अंशांची. पुण्यात रेड प्यायच्या आधी पुरेशी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये, पांढरी प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर.

बूच काढून बाटली ठेवण्याने काही होत नाही. बाटलीच्या गळ्याएवढ्या पृष्ठभागातून किती हवा लागणार? ग्लासात फिरवली की पुरतं.

२३ फेब्रुवारी

जेवण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. काकूंनी स्वयंपाकात जराही हात आखडता घेतला नाही.

मटणाला रेड, ही आमची अगदी पक्की सवय. ती ज्या जेवणातून आली त्यात मिरची नसते. तांबड्या रश्श्यावर शिराझचा घोट घेतला की तिखट दुप्पट झाल्यासारखं होतं : अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवतं, आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) लाळेतल्या प्रथिनांना धरून तोंड कोरडं करतं. थोडी साखर शिल्लक ठेवलेली, थंड शेनिन घेतली तर रश्श्याचा मसाला कळतो, लवंग-दालचिनीपर्यंत. पांढऱ्या रश्श्याबरोबर तीच आणखी खुलली, नारळाच्या दुधाला तिचा आंबटपणा हवाच होता. सुकं मटण तिखटाला बेताचं होतं, तिथे रेड चालली, तीही थंड केलेली.

बुजुर्गांपैकी एकांनी शेवटपर्यंत शिराझ सोडली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांना तसंच आवडतं. त्यांची पसंती तशीच नोंदवली.

२ मार्च

राखून ठेवलेल्या बाटल्यांची बैठक. प्रत्येकाने कपाटातली सगळ्यात जास्त दिवस जपलेली एक आणायची आणि उघडायची, एवढीच अट.

ठेवणीतल्या पैठणीसारखी बाटली जपणारी माणसं आम्ही. पण पैठणी पुन्हा घडी घालून ठेवता येते, आणि वाइन आतल्या आत बदलत असते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये भिंतीतलं लाकडी कपाट पस्तीस अंशांच्या वर जातं. १२ ते १४ अंशांना जे दहा वर्षांत व्हायचं ते तिथे झपाट्याने होतं, आणि बरंचसं वेगळंच होतं.

नाशिकची पाच वर्षं जपलेली सोविन्यॉ ब्लाँ सोनेरी पडली होती. पेरू गेला, हिरवेपणा गेला, कापलेल्या सफरचंदाचा वास उरला. ती जन्मलीच होती पहिल्या दोन वर्षांत प्यायला. फ्रान्सची एक नावाजलेली रेड, वाइनच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेली, सुरेख निघाली. तशीच रेड पण स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलेली शिजवलेल्या मनुकांसारखी लागली.

एका ताईंची बाटली मुलीच्या बारशाला आलेली, तिच्या लग्नात उघडायची म्हणून ठेवलेली. मुलगी आता कॉलेजात. ताईंनी तिला विचारून आज उघडली. मुलीने फोनवर सांगितलं, “आई, माझ्या लग्नाची वाट बघून तिचा व्हिनेगर करू नकोस.” वाइन थकलेली होती पण जिवंत होती. सगळ्यांना एकेक घोट आला.

या एका सवयीबद्दल माझं मत आता ठाम आहे. जपण्याला आम्ही संयम म्हणतो, पण पिण्यासाठी केलेली वस्तू न पिता बिघडू देणं म्हणजे दिंडोरीच्या त्या पहाटेच्या तोडणीचा अपमान आहे. थंड जागा असेल आणि वाइन टिकण्यासाठी केलेली असेल तर जरूर ठेवा. बाकी सगळ्या उघडा.

५ मार्च

शिल्लक कामं :

गटातल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी अडकवायची : तोडणीचा महिना, आणि ‘या तारखेच्या आत प्यायची’. नाशिकच्या पांढऱ्यांना जास्तीत जास्त दोन वर्षं.

शिराझची चाचणी पुन्हा, यंदाच्या तोडणीची वाइन बाजारात आल्यावर. मळा आम्ही पाहिलाय हे लक्षात घेऊन त्या वेळी दिंडोरीला न आलेल्यांनाच चाखायला बसवायचं.

जांभळं आणि करवंदं आली की बरण्या नव्याने भरायच्या.

डॉक्टरकाकांच्या साठीसाठी शेनिनच्या सहा बाटल्या सांगितल्या आहेत. बर्फाची सोय मी बघते. जेवणाला भरली वांगी आणि मसालेभात, म्हणून रोझेच्या, म्हणजे गुलाबी वाइनच्या, दोन बाटल्याही घ्यायच्या.